नावं ठेवणारी

९ जानेवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क शीळ घालत घरी आले. ताई दारातच म्हणाली, चाळिशी उलटली, आता तरी जरा पोक्तपणे वाग. पण तीही हसत होती. तिने दिवसभरात स्वयंपाकघर लावून टाकलंय, पडदे टांगलेत, आणि शेजारच्या बाईंशी मैत्रीसुद्धा करून झालीय. मला शेजाऱ्यांची नावं कळेपर्यंत ताईला त्यांची दुखणीखुपणी पाठ झालेली असतात.

रुग्णालय चढावर आहे. आमचा विभाग सगळ्यात वर, आणि लिफ्ट स्वतःच्या मर्जीने चालते. दारावर लांबलचक पाटी आहे, पण सगळे विभागाला ‘कोडेघर’ म्हणतात. चार डॉक्टरांनी हात टेकले, तपासण्यांचे ढीग झाले, तरी काय झालंय ते कोणालाच सांगता येत नाही, अशी माणसं इथे येतात. मला हवं होतं ते हेच. जुन्या रुग्णालयात काही अडलं की मला बोलावत. ‘तिला दाखवा, ती सांगेल’ हे वाक्य ऐकण्याची मला सवय झाली आहे, आणि वाईट वाटत नाही ऐकून.

विभागप्रमुखांना सगळे ‘मोठे साहेब’ म्हणतात. उंच, कमरेत वाकलेले, बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघतात. त्यांनी मला खोली दाखवली. मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, एक बेसिन. नळ सोडला की भोंगा वाजतो. प्लंबरला सांगू म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, सोबत होईल.

जाता जाता म्हणाले, तुमची आणि आमच्या चिमणीची जोडी छान जमेल. चिमणी कोण, ते विचारायचं राहिलं.

ताईच्या तळपायांना पुन्हा मुंग्या येतायत. दोन वर्षं हेच चाललंय: मुंग्या आणि थकवा. रक्त तपासून झालं, सगळं ठीक आहे. मी तिला नेहमीप्रमाणे म्हटलं, तुला रिकामपणाचा आजार आहे. ती नेहमीप्रमाणे तळपाय चोळत राहिली. भाऊजी गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. तसं पाहिलं तर मीच कायम तिच्याकडे आहे. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, ताईनेच मला वाढवलं. अजून ‘छोटे’ म्हणून हाक मारते. रुग्णालयात कोणाला कळलं तर शोभा होईल.

१३ जानेवारी

चिमणी ही आमच्याच विभागातली डॉक्टर आहे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बुटकी, गोल चेहऱ्याची, केस नेहमी विस्कटलेले. आवाज इतका बारीक की ती बोलायला लागली की सगळे आपोआप गप्प होतात. मी बोलते तेव्हा कोणी गप्प होत नाही, मलाच आवाज चढवावा लागतो.

सकाळच्या फेरीत तिने काही केलं नाही. रुग्णाच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली, त्याचा हात हातात घेतला (नाडी बघायला नव्हे, नुसताच) आणि त्याच्याकडे बघत राहिली. साहेब, सिस्टर, मी, सगळे उभे. मला हसू आवरेना. पण कोणीच हसत नव्हतं.

हीटरजवळची खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवलेली असते. मी बसायला गेले तर सिस्टर इतक्या नम्रपणे खाकरल्या, की मी उठले.

२२ जानेवारी

आजचा दिवस वाईट गेला. नीट लिहून काढते म्हणजे डोक्यातून जाईल.

एक बस ड्रायव्हर आहे, तिशीतला. स्टिअरिंगवर हात थरथरायला लागले म्हणून नोकरीवरून घरी बसवलंय. भूक नाही, चिडचिड, कधी कधी बोलणं जड होतं. काल मी त्याला अगदी मन लावून तपासलं. शरीरात तांबं साठत जाण्याचा एक आजार असतो. त्यात डोळ्याच्या काळ्या भागाभोवती तपकिरी कडं दिसतं. मला ते आठवलं, म्हणून मी त्याला यंत्रापुढे बसवून दोन्ही डोळे पाहिले. स्वच्छ होते. कडं नव्हतं.

आज चिमणी त्याच्याजवळ स्टुलावर बसली. बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, तांबं साठतंय यांच्या अंगात, डोळ्यांत कडं असेल बघा.

मी म्हटलं, मी पाहिलंय, नाहीये.

साहेबांनी नुसता हातातला टॉर्च धरला. कडं होतं. यंत्र लागलंच नाही. दारातून दिसावं असं, जुन्या नाण्याच्या काठासारखं.

साहेब समजूतदारपणे म्हणाले, होतं असं, नजरेतून सुटतं कधी कधी. त्यांचा समजूतदारपणा मला चावला. ड्रायव्हरची बायको चिमणीचे हात धरून रडली. औषध आहे ना, एवढंच विचारत होती. चिमणी म्हणाली, आहे, चांगलं औषध आहे. तासाभरापूर्वी तीच बाई माझ्याशी धड बोलतही नव्हती.

घरी येऊन ताईला सांगितलं. ताई म्हणाली, बरं झालं की गं, त्याला कळलं तरी काय झालंय ते. मी ताट सारून उठले.

५ फेब्रुवारी

ड्रायव्हर सुधारतोय. मला बरं वाटायला हवं.

आता एक शिंपीण आलीय. पोटात कळा येतात, अशा की ती मशीनवरून खाली कोसळते. एकदा पोट फाडून पाहिलं, काही निघालं नाही. मला पोर्फिरियाची शंका आली. त्यात लघवी उजेडात ठेवली की लालभडक, मग काळपट होते. मी तिची लघवी बरणीत घेतली आणि माझ्या खिडकीत उन्हात ठेवली. चार दिवस झाले, रंग तसाच फिका पिवळा. शंका फिटली. मी साहेबांना तसं सांगितलं. ह्या वेळी मी काही नजरेतून सुटू दिलेलं नाही.

६ फेब्रुवारी

चिमणी स्टुलावर बसली आणि म्हणाली: पोर्फिरिया.

मी शांतपणे बरणीबद्दल सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, आज पुन्हा घेऊन बघा ना. आज घेतलेली बरणी संध्याकाळच्या आत लाल झाली. सिस्टर ती सगळ्यांना दाखवत फिरल्या.

माझ्या खिडकीतली जुनी बरणी अजून पिवळी आहे. दोन्ही शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बघत बसले. बाई तीच. कळा त्याच. काल तिला हा आजार नव्हता. आज आहे.

ती ओळखत नाही. ती म्हणते आणि मग ते होतं.

लिहून पाहिलं की वेडगळ वाटतं. मत्सराने डोकं फिरलंय माझं, दुसरं काय! मत्सर आहे, ते नाकारत नाही. हीटरजवळच्या खुर्चीचाही आहे.

१६ फेब्रुवारी

ताई डबा घेऊन रुग्णालयात येते म्हणाली. मी नको म्हटलं. बाहेरचं खाल्लं की पोट बिघडतं तुझं, म्हणाली. मी जवळजवळ ओरडलेच. ताईने चिमणीच्या समोर येता कामा नये. मी स्वतःवर हसतेय, पण तिने येता कामा नये.

२४ फेब्रुवारी

ती आली. मी फेरीत होते. परत खोलीत येते तर ताई माझ्या खुर्चीत, चिमणी समोर, ताईचा हात तिच्या हातात, आणि ताई तिला मुंग्यांबद्दल सांगतेय. दोन वर्षांचं सगळं. मला कधी न सांगितलेलंसुद्धा: की रात्री पायाखालची जमीन कापसासारखी लागते, की ती भिंत धरून चालते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ताई म्हणाली, तुला सांगितलं की तू हसतेस.

मी चिमणीला म्हटलं, काही बोलू नका. प्लीज. ती माझ्याकडे बघत राहिली, मग ताईकडे. म्हणाली, बी-ट्वेल्व्ह शोषलंच जात नाहीये ह्यांच्या अंगात. इंजेक्शनं घ्यावी लागतील कायम, पण बरं वाटेल.

परवाच ताईचा दात ठणकत होता म्हणून मी स्वतः टॉर्च लावून तिचं तोंड पाहिलं होतं. साधी, खरबरीत जीभ. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की जीभ गुळगुळीत होते. आज म्हटलं, दाखव. गुळगुळीत. लाल. काचेसारखी.

घरी येताना ताई रिक्षात रडली. मला वाटलं भीतीने. तर म्हणाली, दोन वर्षं मला वाटत होतं मी ढोंग करतेय.

१५ मार्च

इंजेक्शनांनी ताईला गुण आला. भिंत न धरता चालते. गुणगुणते. चिमणीसाठी लोकरीची टोपी विणायला घेतली आहे. विणता विणता सांगते, तिची आई लहानपणीच गेली, अगदी आपल्यासारखं. आपल्यासारखं!

मला आनंद व्हायला हवा. बहीण बरी होतेय. मी इंजेक्शन देते, सुई टोचते, आणि मनात एकच: हे मी का नाही म्हटलं?

२७ मार्च

आज मी म्हटलं.

एका शाळेच्या मुख्याध्यापिका दाखल आहेत. दुपार टळली की गळून जातात, वर्गात आवाज खोल जातो. मी सकाळी त्यांना छताकडे एकटक बघायला लावलं होतं. पापण्या जराही खाली आल्या नाहीत. फेरीत चिमणी स्टूल ओढायला वाकली, आणि तिचं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, मायस्थेनिया. स्नायूंना संदेश पोचत नाहीत. काही आधार नव्हता. मला फक्त तिच्या आधी बोलायचं होतं.

बाईंची उजवी पापणी खाली आली. दुकानाचं शटर उतरावं तशी, सगळ्यांच्या देखत.

मी हातमोज्यात बर्फ भरून डोळ्यावर धरला. पापणी वर गेली, जशी ह्या आजारात जाते. साहेब म्हणाले, वा! सिस्टरांनी मला हीटरजवळची खुर्ची दिली. औषध सुरू केलंय, बाई ठीक राहतील.

मला भीती वाटायला हवी होती. मला इतकं छान वाटलं की काय सांगू.

नंतर बेसिनपाशी चिमणी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. नळाच्या भोंग्याच्या आवाजात पुटपुटली, “मॅडम, आता तुम्हालाही यायला लागलं.” मग म्हणाली, जपून. आपल्याकडे येणाऱ्यांना काहीतरी होत असतंच, पण त्याला नाव नसतं. बिननावाचं दुखणं माणसाला संपवतं आणि आपल्याला काही करता येत नाही. म्हणून नाव द्यायचं. पण औषध आहे असंच द्यायचं. शोधत बसावं लागतं, पटकन मिळत नाही. म्हणून मी इतका वेळ बसते.

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. माझ्याकडे.

५ एप्रिल

ताईने चिमणीला जेवायला बोलावलं. टोपी दिली. ती तिने घरातच घातली, जेवतानासुद्धा. दोघी हसत होत्या, कसल्याशा पुचाट विनोदावर. मी ताटात बघत होते. ताई म्हणाली, “छोटे, अजून थोडं घे.”

मी ताट पुढे केलं. ताई तिच्याकडे बघत होती. तिला म्हणत होती.

मग मी बोलले. हसत हसतच बोलले. म्हटलं, तुमची जीभ थरथरतेय हो, दाखवा बघू. मोटर न्यूरॉनचा आजार दिसतोय. जिभेपासून सुरू होतो तो.

ताई रागावली, हे काय विनोद झाले? चिमणीने चमचा खाली ठेवला. डोळे माझ्यावर, ओठ घट्ट मिटलेले. ताईने तिला पाणी दिलं. पहिलाच घोट नाकातून बाहेर आला.

६ एप्रिल

निवडून बोलले. आवाजच तिचा सगळा आहे, म्हणून जीभ. त्यावर औषध नाही हे मला माहीत होतं. क्षणभरात सुचलं, शोधावं लागलं नाही.

१७ एप्रिल

ती रजेवर आहे. साहेबांनी मोठमोठ्या ठिकाणी अहवाल पाठवले. सगळीकडून एकच उत्तर. साहेब मला म्हणाले, तुम्ही जेवताना नुसतं बघून ओळखलंत म्हणे! कौतुकाने म्हणाले.

आता फेरीत स्टूल माझ्यासाठी ठेवतात.

२१ एप्रिल

आज तिच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीत कुंड्या, भिंतीला टेकवलेली सायकल. ताई आधीच तिथे होती, चमच्याने तिला दाट सूप भरवत होती. मला बघून ताई भांडी घासायला गेली.

चिमणीचे शब्द लोळागोळा होऊन येतात, पण कळतात. मी सांगितलं, बोललेलं परत घ्यायला आलेय. मी मनाशी ठरवूनच गेले होते. तिचा हात हातात घेतला आणि मोठ्याने म्हटलं, तुम्हाला मायस्थेनिया आहे. त्यातही बोलणं असंच जातं. त्यावर औषध आहे.

थांबले. वाट पाहिली.

तिच्या दोन्ही पापण्या खाली आल्या. जीभ तशीच थरथरत राहिली. पहिलं गेलं नाही. दुसरं वर आलं.

तिने बोटाने एक पापणी उचलून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, तुम्ही मला का नाही काही म्हटलंत? अजून आवाज आहे तोवर म्हणा.

ती खूप वेळ लावून बोलली. “म्हणणार होते. तुमच्याकडे बघून औषध असलेलं एकही नाव सुचेना.”

२८ एप्रिल

आज नवे रुग्ण आले. मी स्टुलावर बसते, शोधते. औषध असलेलं, साधंसं. नाही येत. वाईटच आधी येतं, जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहतं. एका माळ्याला मी काहीच म्हटलं नाही. दात आवळून उठले. तो तसाच, बिननावाचा, झिजतोय. साहेब चिडले. म्हणाले, चिमणी असती तर आत्तापर्यंत —

वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. गरज नव्हती.

तोंडाने काही म्हणायचं नाही असं ठरवलंय. इथे लिहिते, वहीत. मनातलं बाहेर पडलं की बरं वाटतं. साहेबांचा डावा हात चालताना हलत नाही, चेहरा लाकडासारखा. कंपवात. घ्या. लिहून टाकलं, संपलं.

२९ एप्रिल

साहेबांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. सिस्टर लावून देत होत्या. डावा हात मांडीवर, अंगठा आणि बोट एकमेकांवर गोळी वळल्यासारखे —

लिहिलेलंही लागतं.

४ मे

मागच्या पानावरच्या त्या ओळीवर काट मारली. साहेबांचा हात तसाच आहे.

कोणाबद्दल काही लिहायचं नाही. हवेबद्दल लिहीन. आज ऊन होतं.

९ मे

रजा घेतली. खोलीत बसते. खिडकीतून माणसं जातात. दूधवाला — नाही. ती लाल फ्रॉकची मुलगी — नाही नाही. पडदा ओढून घेतला.

ताई दिवसभर तिच्याकडे असते. आली की तिच्याबद्दलच. आज बोटाने खूण केली. आज हसली. मी विचारलं, मी जेवले का ते विचारलंस? ताई म्हणाली, तू धडधाकट आहेस, तिला कोण आहे?

१२ मे

ताईकडे बघत नाही. ती बोलते तेव्हा जमिनीकडे बघते. तिला वाटतं मी रुसलेय.

रुसलेही आहे. तेच तर — रुसवा जात नाही. तो गेला तर बाकीचं जाईल, एवढं कळतं मला. प्रयत्न करते. चिमणीबद्दल चांगलं आठवते. ताईला तिने बरं केलं. ताईला. माझ्या ताईला. मी नाही, तिने —

बघ. असं होतं.

१५ मे

सांगून टाकलं ताईला. सगळं. बरण्या, पापणी, साहेब. जेवतानाचं मुद्दाम होतं, तेही.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. हात गार होता, बरा वाटला. म्हणाली, तू दमलीयस. म्हणाली, बोलण्याने आजार होत असते, तर मी तुला लहानपणी काय काय बोललेय! हसली.

मग म्हणाली, मी काही दिवस तिच्याकडे राहायला जाते. तिला आता रात्रीही कोणी लागतं.

मी म्हटलं, जा. खरंच म्हटलं. लांब जा. पण आत काहीतरी —

१६ मे

ताई बॅग भरतेय. सकाळचं ऊन आहे. रुमाल दातांत घट्ट धरलाय, म्हणजे तोंडातून काही यायला नको. हाताला काम हवं म्हणून पेन. चूक झाली. ठेवते. ठेवता येत नाहीये.

हवा. आज ऊन आहे. वारा नाही.

ताई चष्मा शोधतेय. चष्मा डोक्यावरच आहे. तिने मला विचारलं कुठे ठेवलास, मी बोटाने दाखवलं, ती हसली. परत आली. परत विचारलं.

सगळेच विसरतात. साठी झाली. घाई आहे तिला, म्हणून. ह्याला नाव नसतं. नाव असायलाच हवं असं नाही —

दारात उभी आहे. म्हणते, काय लिहितेस गं? मी मान हलवते. जा ना. लवकर जा. तिच्याकडे जा, मला चालेल, मला चालेल, मला —

नाही चालत.

बॅगेकडे बघते आणि विचारते, आपण कुठे निघालो होतो —

डोळे मिटलेत मी. हात थांबत नाही. औषध असलेलं काहीतरी. साधं. सर्दी. ताईला सर्दी झालीय. ताईला सर्दी, ताईला सर्दी, ताईला नुसता थकवा, ताईला स्मृ